विहिरीतला निळा पट्टा

बीडच्या एसटी स्टँडमागं माझं पेंटिंगचं दुकान होतं, तेव्हा एक गोष्ट कायम माझ्या डोक्यात जायची. लोक बोर्ड वाचत नाहीत. मी अक्षर घोटून घोटून काढायचो, त्याला सावली द्यायचो, आणि माणूस त्याच बोर्डाखाली उभा राहून मला विचारायचा, "क्लास कितव्या मजल्यावर हाय हो?" मजला त्याच्या डोक्यावर ठळक लिहिलेला असायचा. शेवटी मी शहाणा झालो. कोचिंग क्लासच्या बोर्डावर विषयांची यादी बारीक आणि पहिल्या आलेल्या पोराचा चेहरा मोठा काढायला लागलो, आणि लोक थांबायला लागले. माणूस आधी बघतो, मग वाटलं तर वाचतो. माझी भाची आता पुण्यात कॉम्प्युटरवर आकड्यांची चित्रं काढून पगार घेते आणि त्याला इन्फोग्राफिक म्हणते. मी तिला म्हणतो, बाई, याच कामासाठी तुझ्या आईनं मला दोरीला बांधून विहिरीत सोडलं होतं, आणि दोरी तुझ्या बापाच्या हातात होती. ती हसते. तिला वाटतं मामा फेकतोय.

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. नेकनूरच्या पुढच्या एका गावात दिलेली. त्या गावाला नदीकाठी एक थोरली विहीर आहे. मागच्या एका दुष्काळात तिथल्या शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून पाणी संस्था काढली आणि ती विहीर खोदली. खोदतानाच जुन्या लोकांनी आतल्या दगडात, तळापासून दोन परस वर, एक आडवी खाच पाडून ठेवली. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली. आमच्याकडं विहिरीचं माप असंच सांगतात. खाचेच्या वरचं पाणी सभासदांच्या पिकांना, खालचं फक्त माणसांना आणि जनावरांना. कुणाचीही मोटार त्या खाचेखाली सोडायची नाही, हा संस्थेचा पहिला नियम. चांगल्या सालात ती खाच पाण्यात बुडालेली असायची, त्यामुळं नव्या पिढीतल्या कित्येकांनी ती पाहिलीही नव्हती.

मी सांगतोय त्या वर्षी ती उघडी पडली. दोन पावसाळे कोरडे गेले होते. टँकर मनात आलं तर यायचा. अक्का संस्थेच्या कमिटीवर होती, बायकांच्या राखीव जागेवर. ती सही करून चहा पिऊन घरी जाईल अशा हिशोबानं तिला घेतलं होतं. अक्काला ओळखत नव्हते बिचारे. तिनं दिवाळीपासून एक काम धरलं. प्रत्येक सणाला दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडायची, आणि दोरी जिथवर कोरडी राहिली तिथं जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. गुढीपाडव्याला तिनं दोरी वर काढली आणि घरात येऊन मटकन बसली. पाणी खाचेच्या खाली गेलं होतं. नुसतं खाली नाही, राखीव पाण्यातलं बरंच उपसलं गेलं होतं.

म्हणजे कुणाची तरी मोटार खाचेखाली होती. कुणाची, हे गावानं मनात ठरवूनच टाकलं होतं. संस्थेच्या उपाध्यक्षांचा ऊस तेवढा हिरवा होता.

अक्कानं कमिटीत ठराव मांडला की पाऊस पडेपर्यंत सगळ्याच मोटारी वर काढायच्या. उपाध्यक्ष म्हणाले, सभा घेऊ, सभासद म्हणतील तसं करू. सभासद काय म्हणतील हे त्यांना माहीत होतं. निम्म्यांच्या शेतात काही ना काही उभं होतं, आणि विहिरीत वाकून बघितलं तर अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं. ठराव पडला असता तर तळाला गाळ उरला असता, आणि अक्काच्या दोन म्हशींसकट गावातली जनावरं नेकनूरच्या बाजारात मिळेल त्या किमतीला उभी राहिली असती. अक्काला त्या म्हशी पोरांइतक्या लाडक्या होत्या. तिनं मला निरोप धाडला, रंग घेऊन ये.

मी गेलो. संस्थेच्या ऑफिसात सचिवांनी फळ्यावर पाणीपातळीचे आकडे लिहून ठेवले होते, खडूचे, नीटनेटके. त्यावर कुणीतरी शेणाच्या गोवऱ्या सुकायला टेकवल्या होत्या.

"आकडे नकोत," अक्का म्हणाली. "आडाण्याला बी दिसलं पाह्यजे."

मी दिवसभर खपलो. ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर खाली सण लिहिले आणि प्रत्येक सणावर लाल खांब उभा केला. दिवाळीचा बुटका, संक्रांतीचा त्याच्याहून उंच, होळीचा आणखी उंच, पाडव्याचा थेट पन्हळीला टेकलेला. पाणी किती परसावर गेलं ते दाखवणारे खांब. माप दोरीवरच्या चिंध्यांवरून घेतलेलं, एक बोट इकडं तिकडं नाही. काम देखणं झालं होतं. मी समोरच्या ओट्यावर बसून लोकांचे चेहरे बघत राहिलो.

पहिला आला तो एक म्हातारा गुराखी. भिंतीकडं बघून त्याचा चेहरा फुलला. "लई बेस झालं. पाणी चढाय लागलंय म्हना की."

मागून आलेल्या दोघी बायकाही तेच म्हणाल्या. मग एक मास्तर आले, तेही क्षणभर तेच समजले. मी उठून समजवायला गेलो की हे पाणी नाही, काठापासून पाण्यापर्यंतची खोली आहे, खांब जितका उंच तितकं पाणी खाली. लोक मान डोलवायचे आणि पुढं जाऊन पुन्हा तेच बोलायचे. चूक त्यांची नव्हती. विहिरीचं माप आम्ही सगळे काठावरून खाली मोजतो, पण भिंतीवरचं चित्र माणूस जमिनीपासून वर बघतो. आणि चित्र समजावून सांगायला लागलं म्हणजे ते चित्र मेलं.

संध्याकाळी उपाध्यक्ष आले. पांढरे कपडे, हातात किल्ल्या. त्यांनी भिंत निवांत बघितली. "पेंटर, झकास," ते म्हणाले आणि जमलेल्या लोकांकडं वळले. "बघा, मी म्हनत न्हवतो? संस्थेच्या भिंतीवरच लिवलंय. पाणी वाढतंय." लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सभा परवावर आली होती. रात्री जेवताना मी ताटावर राग काढत होतो. अक्का शांतपणे भाकरी मोडत म्हणाली, "तू विहीर जिमिनीच्या वर बांधलीस रे."

"मग काय विहिरीतच उतरून काढू?" मी खेकसलो.

तिचा हात थांबला. "उतरशील?"

मी रागात बोललो होतो. पण बोलून गेल्यावर मलाच ते दिसायला लागलं. चित्र वेगळं कशाला हवं? विहीरच चित्र. जिथं दिवाळीला पाणी होतं त्याच दगडावर दिवाळी काढायची. आणि प्रत्येक मोटारीच्या पाइपाशेजारी काठापासून खालपर्यंत एका रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे कुणाचा पाइप कुठवर गेलाय ते पोरालाही कळेल. काठावर त्या घराची खूण. नावं लिहायची गरज नाही.

"पाइपाचं कशाला?" दाजी म्हणाले. दाजी म्हणजे अक्काचा नवरा. भला माणूस, दिवसातून मोजकं बोलणारा. "सनाच्या खुना काढा की. उगं गावात भांडनं."

"भांडनं कामून हुतील?" अक्का म्हणाली. "ज्याची खाचेखाली हाय त्यानंच भ्यावं."

दाजी ताट उचलून उठले. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहीर खोदणाऱ्यांचा पाळणा आणला. पाळणा म्हणजे काय, दोन दोरांत अडकवलेली फळी. कप्पीवरून दोर घेतला, दाजी आणि दोन सभासद तो धरून उभे राहिले. दाजी सगळ्यात पुढं. वीज संध्याकाळी येणार होती, त्यामुळं मोटारी बंदच होत्या. माझ्या कमरेला डबे, कुंचले, तारेचा ब्रश. मी पेंटर आहे, दोन-दोन मजले शिडीवर चढून बोर्ड लावलेत, पण खाली जमीन दिसत असली की भीती कमी असते. इथं खाली काळोख होता आणि वर गोल आभाळ लहान लहान होत चाललं होतं. मला घाम फुटला हे कबूल करायला लाज वाटत नाही.

अक्का काठावरून तिची चिंध्यांची दोरी सोडत होती. पहिल्या चिंधीपाशी मी दगड घासला, पांढरा पट्टा ओढला आणि त्यावर पणती काढली. संक्रांतीला सुगड. होळीला जाळ. प्रत्येक खूण आणि पुढची खूण यांच्यामधलं अंतर मी अंगानं उतरत होतो. भिंतीवर काढताना ते अंतर माझ्यासाठी नुसतं माप होतं. इथं दोर कुरकुरत होता, दगड गार होत चालले होते, आणि मला पहिल्यांदा त्या वर्षाची खरीखुरी धास्ती वाटली. एवढं पाणी गेलं? एवढं?

खाचेपाशी पोचलो. जुन्या लोकांनी छिन्नीनं सरळ ओढलेली रेघ, बोट जाईल एवढी खोल. मी तिच्यात लाल रंग भरला. आजूबाजूला बऱ्याच मोटारी खाचेच्या वर कोरड्या लटकत होत्या, इमानदार माणसांच्या. मग मी आणखी खाली बघितलं. तीन पाइप खाचेच्या खाली, पाण्यात गेले होते.

"पावणं, लई खाली जाऊ नका," वरून दाजींचा आवाज आला. "दोर अपुरा पडल."

दोर अपुरा नव्हता. वर चांगलं वेटोळं पडलेलं मी बघून आलो होतो.

तेवढ्यात वर कुणीतरी ओरडलं, "लाइट आली! लाइट आली!" अवेळी वीज आली होती. ज्यांनी आपोआप चालू होणारे स्टार्टर बसवले होते त्यांच्या मोटारी सुरू झाल्या. विहीर घुमायला लागली. माझ्या खांद्याला लागूनच असलेला पाइप थरथरायला लागला, मी दचकून त्याला धरलं, तर तो बर्फासारखा गार. आतून पाणी वर धावत होतं. खाली पाण्याला भोवरा पडला होता. काठावर पळापळ, "बंद करा, बंद करा, मानूस हाय आत!" फळी गरगर फिरली आणि माझी पाठ दगडावर आपटली. मी पाइप सोडला नाही. आणि मग मी त्याचा रंग बघितला.

निळा. शाळेच्या बोर्डाचा उरलेला निळा. अक्काच्या घरची मोटार बसवली त्या वर्षी मीच त्या लोखंडी पाइपाला तो फासला होता, गंजू नये म्हणून. खाचेपाशी निळा संपत होता आणि तिथून खाली नवाकोरा काळा प्लॅस्टिकचा पाइप जोडलेला होता. दुसऱ्या दोन मोटारी पाण्यात जेमतेम बुडालेल्या. त्यातली एक उपाध्यक्षांची. ही पार तळाशी, गाळाच्या जरा वर.

मोटारी बंद झाल्या. घुमणं थांबलं. वरून अक्काची हाक आली, "लागलं का रे? सगळ्यात खालची कुनाची हाय? दिसली का?"

मी वर बघितलं. गोल आभाळाच्या कडेला अक्काचं डोकं दिसत होतं. दाजी दिसत नव्हते, पण त्यांचे हात दोराच्या दुसऱ्या टोकाला होते आणि मी त्या हातांवर लटकत होतो. दोर थरथरत होता. मला भीती वाटली. दाजी दोर सोडतील असं एक क्षणही वाटलं नाही. भीती अक्काचं तोंड कसं होईल याची होती. मी ओरडलो, "रंग संपला. वर घ्या."

वर आलो. अक्कानं माझ्या कमरेचे डबे बघितले. निळ्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

"लहानपनापासून तुला खोटं बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "कुनाची हाय?"

मी दाजींकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. दोर अजून त्यांच्या हातात होता, कुणी सोडा म्हटलं नव्हतं. अक्कानं माझ्या नजरेमागं नजर नेली आणि तिला कळलं. ती काठावर बसली. बाकीचे दोघे सभासद चुळबुळत लांब जाऊन उभे राहिले.

"ऊस न्हाई ग माझा," दाजी हळू बोलले. "मका हाय, टिचभर. तुझ्या म्हशीला वैरन कुठून आनू? तू म्हनायचीस, बाजारात नेऊ देनार न्हाई. मंग मी काय करू?"

अक्कानं चिंध्यांची दोरी गोळा करायला घेतली. मला वाटलं आता रडेल, किंवा शिव्या घालेल. माझ्या मनात आलं की गुपचूप घरी जावं, रात्रीतून तो काळा पाइप काढून टाकावा, उद्या उपाध्यक्षांचा ऊस सगळ्यांना दाखवावा. मी तसं बोललोही. त्या दोघांशिवाय कुणाला माहीत होतं? ते दोघे सभासद दाजींच्याच भावकीतले.

"आन उद्या मी कुनाकडं बोट दाखवू? कंच्या तोंडानं?" अक्का म्हणाली. मग उठली, निळ्याचा डबा माझ्या हातात दिला. "खाली जा. आमचा पट्टा ओढ. भडक ओढ. पार पान्यापत्तर."

मी फळीवर बसलो. दाजींनी दोर पुन्हा हाताभोवती गुंडाळला, कुणी न सांगता. मला त्यांनी इतकं सावकाश खाली सोडलं की फळी एकदाही दगडाला लागली नाही. खाचेखाली पाडव्याची गुढी काढली आणि सगळ्यांचे पट्टे ओढले, आमचा निळा पार पाण्यापर्यंत.

सभा दुसऱ्या दिवशी भर दुपारी, विहिरीच्या काठावर ठेवली, कारण सूर्य डोक्यावर आल्याशिवाय तळापर्यंत उजेड जात नाही. जास्तीचा उजेड पाडायला मी कपाटाचा आरसा मागून घेतला होता. उपाध्यक्ष म्हणाले, सभा ऑफिसात असते. लोक मात्र आधीच काठावर ओणवे झाले होते.

कुणी काही वाचलं नाही आणि मी काही समजावलं नाही. एका म्हातारीनं पणती ओळखली. "दिवाळीला हितं हुतं की वो पानी." मग तिची नजर सुगडावर, जाळावर, गुढीवर घसरत गेली आणि तिनं पदर तोंडाला लावला. तो गुराखी माझ्या दंडाला धरून खाली बघत होता. मग लोकांची नजर रंगीत पट्ट्यांवर गेली. बहुतेक पट्टे लाल रेघेच्या वरच थांबत होते. तीन खाली उतरत होते. एकाच्या टोकाला काठावर मी उसाचं कांडं काढलं होतं, दुसऱ्याला बैलाचं शिंग, तिसऱ्याला म्हैस.

उपाध्यक्षांनी उसाकडं बघायचं टाळलं. "निळा सगळ्यात लांब दिसतोय," ते मोठ्यानं म्हणाले. "म्हैस कुनाची म्हनायची?"

अक्का उत्तर द्यायला पुढं झाली. माझ्या हातातला आरसा हलला आणि उजेड दगडावरून सैरावैरा पळाला.

"आमची," दाजी म्हणाले. सभेत त्या माणसाला बोलताना गावानं कधी ऐकलं नव्हतं. "मी सोडली. हिला ठाव न्हवतं." त्यांनी पिशवीतून मोठा पाना काढला आणि आपल्या पाइपाच्या जोडाला लावला. जोड गच्च होता. ते एकटेच जोर लावत होते, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, आणि सगळी सभा नुसती बघत होती. मी आरसा ठेवून त्यांच्याकडं निघालो तर अक्कानं मला हातानं थांबवलं.

मग तो म्हातारा गुराखी गेला आणि पाइप धरला. त्याच्यामागं बैलाच्या शिंगाच्या घरचा कर्ता गेला आणि आपल्याच पाइपाला हात घातला. दोघातिघांनी निळा पाइप वर ओढला. काळ्या तुकड्यातून पाणी गळून काठावरच्या धुळीत जिरत होतं. एका बाईनं धावत येऊन खाली कळशी धरली.

सचिवांनी ठरावाला हात वर करा म्हटलं. उसाच्या कांड्याकडं आता सगळेच बघत होते. उपाध्यक्षांनी हात सगळ्यात शेवटी वर केला, पण केला.

पुढं सगळं गोडीत झालं असं नाही. दाजींचा मका वाळला. एक म्हैस विकावीच लागली, नेकनूरलाच. अक्का कितीतरी दिवस दाजींना ताट वाढून आत निघून जायची. पण पाणी पाऊस येईपर्यंत पुरलं. नंतर पाणी चढत गेलं, गुढी बुडाली, जाळ बुडाला, सुगड बुडालं.

त्यानंतर गाव ती चित्रं दर उन्हाळ्यात बघायला लागलं. बऱ्याच वर्षांनी पुन्हा एक वाईट साल आलं तेव्हा खुणा रंगवायला मलाच बोलावलं. अक्कानं मला बाजूला घेऊन सांगितलं, निळा पट्टा आता खरवडून टाक, झालं गेलं, पोरगी लग्नाची झाली. मी बरं म्हटलं. फळीवर बसलो, दाजींनी दोर हाताभोवती गुंडाळला. केस पिकले होते त्यांचे.

"पावणं," सोडायच्या आधी ते माझ्या कानाशी म्हणाले, "निळा फिका पडलाय. वरून दिसत न्हाई. आदी त्यो मारा."